कोकणात धंदा माणसामुळे अडतो की सातबाऱ्यामुळे?

काजूबोंड | २१ ऑगस्ट २०२३, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये "दोन महिन्यांसाठी" म्हणून ठाण्याहून माहेरी आले, कुडाळ तालुक्यात. ती परत गेलेच नाही. मागच्या पडवीत काजू फोडायचं काम सुरू केलं. बी वाफवायला छोटा बॉयलर, हाता-पायाने चालणारी चार कटिंग मशीन, एक ड्रायर आणि सहा बायका. माल ओळखीओळखीतून मुंबई-ठाण्याला जातो. तोटा नाही, पण पडवी आता पुरत नाही.

घरामागे आमचीच जागा पडून आहे, तिथे शेड घालायची म्हणून बँकेत गेले. साहेबांनी सातबारा उलटापालटा करून पाहिला आणि हसले. २३ नावं! पणजोबांच्या नंतर वाटपच झालेलं नाही. त्यातले चार जण वारलेत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. म्हणजे खरी माणसं तीसच्या वर. "सगळ्यांची संमती आणा, मग बघू." सगळे म्हणजे बोरिवली, विरार, बडोदा आणि एक काका मस्कतला.

बाहेर पडले तर ओळखीचे एक गृहस्थ भेटले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगो, कोकणी माणसाक धंदो जमाचो नाय. आळशी जात आपली."

हे डोक्यात गेलं. माझ्याकडच्या बायका पहाटे उठून गुरांचं, घरचं, पाण्याचं आवरून नऊला हजर असतात. सालीतलं तेल लागून हाताची कातडी सोलते, तरी तेल चोळून परत बसतात. यात आळशी कोण?

दुसरी अडचण अशी की काजूची बी येते फेब्रुवारी ते मे. वर्षभर फोडायची तर वर्षाची बी त्याच तीन-चार महिन्यांत रोखीने घ्यावी लागते. १०० किलो बीतून गर निघतो साधारण २५ किलो, आणि त्याचे पैसे येतात दिवाळीत. तोवर पैसे गोणीत. आणि जून ते सप्टेंबर त्या गोणी बुरशीपासून राखायच्या.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी कोणी किनारपट्टीत धंदा केला असेल तर अडलं कुठे आणि सुटलं कसं? "माणूसच तसा" हे उत्तर नको, ते मिळालंय.

---

मोरी_मसाला | २१ ऑगस्ट, रात्री १०:५२

पयलो! बाकी सकाळी लिवतंय.

---

सांगलीकर_भाऊ | २१ ऑगस्ट, रात्री ११:३०

ताई, धागा आवडला. पण एक शंका, हलकंच घ्या.

भाऊबंदकी आमच्याकडं काय कमी आहे? बांधावरून डोकी फुटतात. तरी प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिलाच, मग वारणा, दूध संघ, पतपेढ्या, सूतगिरण्या. तुमच्याकडं आंबा आहे, काजू आहे, मासळी आहे, गिऱ्हाईक मुंबईत बसलंय. मग असं काही का उभं राहिलं नाही? सगळा दोष सातबाऱ्यावर टाकणं जरा सोपं होतंय असं वाटतं.

---

पुणेकर_जावई | २२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

सासुरवाडी मालवण असल्याने बोलण्याचा हक्क आहे असे समजतो. मे महिन्यात, ऐन सीझनला, दुपारी दीड वाजता खानावळीत गेलो. "मासे संपले." मी म्हटलं, आणखी आणून ठेवत जा ना. मालक म्हणाला, "कित्याक?" (म्हणजे कशाला?)

या "कित्याक"चं काय करायचं ते सांगा.

---

मोरी_मसाला | २२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

जावयबापू, दीडाक मासे संपले म्हंजे सकाळचे ताजे हुते. रात्री धापर्यंत मिळणारे मासे खयचे ता इचारू नकात.

आणि पुण्यात दुपारची दुकाना बंद ठेवतत त्येंका आळशी नाय म्हणत, त्येंका शिस्त म्हणतत. :-)

---

भातुकली | २२ ऑगस्ट, सकाळी ८:०५

मोरी_मसाला, लोळून हसतेय. +१

---

सड्यावरून | २२ ऑगस्ट, दुपारी १२:२०

सांगलीकर_भाऊ, प्रश्न रास्त आहे. मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, त्यातली बहुतेक वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. मला दिसलं ते सांगतो.

ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे आसपासच्या सगळ्यांचं नशीब एकाच चरकाला बांधलेलं. पीक एक, गरज एक, हंगाम एक. त्यावर सोसायटीचं कर्ज, कर्जाची वसुली उसाच्या बिलातून. ही साखळी आमच्याकडे कशावर उभी करणार? एकाची आंब्याची बाग सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, दुसऱ्याची चार गुंठे भातशेती मळ्यात, तिसऱ्याची पाच माडं समुद्राला लागून. एका वाडीतल्या दोघांचं पीक सारखं नसतं.

त्यात खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची वहिवाट. रत्नागिरीकडे गावंच्या गावं खोतांची. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं, पण कागदावर जे झालं ते जमिनीवर उतरायला दोन पिढ्या गेल्या. काही दावे मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होते. ज्याला उद्या ही जमीन आपली राहील की नाही ठाऊक नाही, तो तिच्यात पैसा घालत नाही. कलम लावायचं म्हणजे पहिली पाच-सात वर्षं नुसतं पाणी आणि राखण. तेवढा भरवसा ज्यांना होता त्यांनी कलमं लावली. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान आलं तेव्हा कुळांच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर काजू दिसायला लागला. माणूस तोच होता, फरक अनुदानाने आणि नावावरच्या जमिनीने पडला.

आणि पैसा? घरातला कर्ता गिरणीत. मनीऑर्डर यायची, पण ते भांडवल नव्हे, ती खावटी. तांदूळ, औषध, शाळेची फी आणि गणपती एवढं भागलं की संपली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तीही थांबली. आमच्या वाडीत त्या वर्षी किती घरांत दोन्ही वेळ चूल पेटत नव्हती ते मी पाहिलंय. त्या घरांतली मुलं आज पन्नाशीत आहेत. त्यांना धोका पत्करा म्हणून सांगणं सोपं आहे.

---

सांगलीकर_भाऊ | २२ ऑगस्ट, दुपारी १:१०

काका, मान्य. ऊस लगेच गाळावा लागतो हा मुद्दा मी या अंगानं कधी पाहिला नव्हता. पण मासळीही नाशवंतच की. तिथं का नाही?

---

खारवी | २२ ऑगस्ट, रात्री ९:००

भाऊ, तिथे आहे. तुम्ही पाहिलेली नाही एवढंच.

रापण म्हणजे काय ते सांगतो. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि अख्खी वाडी मिळून ओढायची. जाळं एकाचं नसतं, घराघराचे तुकडे जोडलेले. मिळालेल्या मासळीत जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. घरातला पुरुष गेला तरी जाळ्यातला तुकडा असेपर्यंत त्या घरी वाटा जातो. माझ्या आजीने असाच संसार केला. याला नोंदणी नाही, ऑडिट नाही, चेअरमन नाही. पण सहकार नव्हे तर काय?

मोडली कशी? ट्रॉलर आले, पर्ससीनची मोठी यांत्रिक जाळी आली, किनाऱ्याजवळ मासळीच येईना. ज्याच्याकडे यांत्रिक नौकेसाठी कर्ज काढायची पत होती तो मोठा झाला आणि रापणकर त्याच्याच बोटीवर खलाशी झाला. आता तर तेही नाही, रत्नागिरीच्या बंदरात खलाशी बघाल तर निम्मे नेपाळी. १ जून ते ३१ जुलै बंदी, पुढे वादळाचे लाल बावटे. वर्षाचे दिवस मोजा आणि मग बोटीचा हप्ता मोजा.

---

चाकरमानी_३ | २३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

धागाकर्तीला राग येईल, पण मी त्या बोरिवलीवाल्यांपैकी एक आहे. (खरं तर कांदिवली.) सातबाऱ्यावर नाव आहे, वर्षातून दोनदा गावी जातो, आणि संमती मागितली की सही देत नाही.

का ते ऐका. वडील असताना चुलतभावाने "पाण्याच्या टाकीसाठी" म्हणून सगळ्यांच्या सह्या नेल्या. दोन वर्षांनी कळलं की समुद्राकडचा तुकडा एका रिसॉर्टवाल्याच्या दलालाकडे गेला. वडील त्यानंतर गावी गेले नाहीत. मला त्या जमिनीतून एक नारळ येत नाही. पण मुंबईत वनरूम किचनमध्ये चार माणसं राहताना "गावाला आपलं आहे" एवढं एकच वाक्य आमच्या घरात होतं. ते मी स्टॅम्पपेपरवर सही करून द्यायचं?

प्रत्येक वेळी अडवणारा वाईटच असतो असं नाही.

---

काजूबोंड | २३ ऑगस्ट, सकाळी १०:१५

चाकरमानी_३, राग नाही आला. उलट माझे काका फोन का उचलत नाहीत ते कळलं. मी त्यांना थेट "संमतीपत्र पाठवते, सही करा" असा व्हॉट्सॲप टाकला होता. आता वाचून माझं मलाच कसंतरी झालं.

---

पेटी_पाच_डझन | २३ ऑगस्ट, दुपारी ३:४५

भांडवलाच्या मुद्द्यावर आंब्याकडून.

आमच्याकडे बँकेचं काम दलाल करतो. पावसाळा संपला की फवारणी, खत, राखणीला गुरखे, सगळ्याला पैसे लागतात. बँक कागद मागते, दलाल फक्त फोन नंबर मागतो. ही उचल. मग मार्चपासून पेट्या त्याच्याच गाळ्यावर. भाव काय लागला ते पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आल्यावर कळतं. पट्टीत कमिशन, हमाली, भाडं आणि "माल डागी निघाला". वाशीच्या बाजारात उभा राहून मी काय बघणार? उचल फिटते न फिटते तोवर पुढचा ऑक्टोबर.

यातून सुटलो ते २०२० ला, आणि ते हुशारीने नव्हे. लॉकडाऊनमध्ये बाजाराचा भरवसा राहिला नाही. भाचा डोंबिवलीला. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, पहिल्या गाडीला ८० पेट्या गेल्या. पैसे आगाऊ! आयुष्यात पहिल्यांदा आंब्याचे पैसे आंब्याच्या आधी आले. आता निम्मा माल तसा जातो, निम्मा अजून दलालाकडे, कारण एखाद्या वर्षी मोहोर थ्रिप्स किडीने गेला तर सोसायटीवाला उचल देणार नाही, दलाल देईल.

काजूबोंड, तुमचे वर्षाचे गिऱ्हाईक ठरलेले असतील तर मार्चमध्ये आगाऊ मागून बघा. दहा किलो घेणाऱ्याने पाच किलोचे आधी दिले तरी तुमची बीची खरेदी हलकी होईल.

---

पुणेकर_जावई | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

यावर एक निरीक्षण. मालवणी खानावळ पुण्यात जोरात चालते, दादरला चालते. तोच माणूस गावी "कित्याक?" म्हणतो. मग?

---

भातुकली | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

मग काय, तुम्हीच उत्तर दिलंत की. माणूस तोच.

अवांतर: मालवणात ज्यांच्या नावाची शाळा आहे ते अनंत शिवाजी देसाई टोपीवाले मूळ वालावलचे. धंदा केला तो मुंबईत, टोप्यांचा. वालावलला टोप्या विकायला बसले असते तर किती डोकी मिळाली असती?

---

मोरी_मसाला | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३१

आणि निमे उधारीर टोपी घालून गेले असते.

गावात धंदो म्हंजे उधारी. दुकानात येणारो काको, मामा, नायतर देवळातलो मानकरी. मागूक गेलंस तर "रे, काल परवाचो झिल तू, माका पैशे मागतंस?" मुंबैत गिऱ्हाईक म्हंजे गिऱ्हाईक. माझा किराणा दुकान सात वर्सां चालला. वही अजून आसा, दाखवतंय कोणाक व्हयी तर.

---

दिवेआगरची_सून | २४ ऑगस्ट, रात्री ११:१०

मोरी_मसाला, वही आमच्याकडेही आहे. :-)

इतके दिवस लिहू की नको करत होते. आमच्याकडे दिवेआगरला १९९७ ला सुवर्णगणेश, म्हणजे गणपतीचा सोन्याचा मुखवटा, सापडला आणि गावाचं नशीब फिरलं. सुपारीच्या वाडीत राहणारी माणसं, पाहुण्याकडून पैसे घ्यायचे हीच कल्पना पचायला वेळ लागला. सासूबाई पहिली दोन वर्षं जेवणाचे पैसे हातात घ्यायच्या नाहीत, "तिथे फळीवर ठेवा" म्हणायच्या. नंतर घराघरात खोल्या, उकडीचे मोदक, आम्ही नळाला गरम पाणी घेतलं, कर्ज काढलं.

मार्च २०१२ ला देवळावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचे जीव गेले, मुखवटा गेला. माणसं यायची कमी झाली, हप्ते मात्र चालू. कशीबशी समुद्राच्या नावावर परत सावरलो, तो ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. सकाळी वाडीत उभं राहिलं तर आकाश दिसत नव्हतं, इतकी दाट. संध्याकाळी सगळं आकाशच. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण नवं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात. भरपाई झाडांच्या हिशेबाने मिळावी की क्षेत्राच्या यावरच किती दिवस गेले. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. क्षेत्र धरलं तर हातात काय येणार?

पण सांगायचं वेगळंच होतं. वाडी सासऱ्यांच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि खोल्या चालवते मी. पाहुण्यांचे फोन, स्वयंपाक, चादरी, हिशेब, सगळं. मालक म्हणून पाटीवर नाव कोणाचं ते विचारू नका. काजूबोंडचं माहेरच्या सातबाऱ्यावर निदान नाव तरी लागेल. आम्हा सुनांचं काय? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन सफर चालवतात, ते बघून आले. होडीला जमीन लागत नाही, म्हणून जमलं असेल का, असं परत येताना मनात आलं.

---

काजूबोंड | २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, "तिथे फळीवर ठेवा" वाचून डोळे भरून आले. माझी आजी अजून काजूला "इकणां" म्हणत नाही, "देणां" म्हणते.

माझंही नाव सहजासहजी नाही लागलं. आत्यांनी हक्कसोडपत्र करून आपला वाटा सोडला तसं मीही करेन असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नाही केलं. त्याचं बोलणं अजून ऐकतेय.

---

कातळशिल्प_९९ | २५ ऑगस्ट, सकाळी ११:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

व्यवस्थापन | २५ ऑगस्ट, दुपारी १२:०५

महामार्ग आणि रिफायनरी यांसाठी वेगळे धागे आहेत, तिथे लिहावे. इथे काजू.

---

मोरी_मसाला | २५ ऑगस्ट, दुपारी १२:०८

महामार्गाचो धागो २०११ पासून चालू आसा, अजून पुरो जाव्क नाय.

---

हप्ता_चुकवू_नका | २६ ऑगस्ट, रात्री ८:३०

बँकेत आहे, कोणत्या ते विचारू नका.

काजूबोंड, तुमच्या साहेबांनी अर्धंच सांगितलं. लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा सध्या (२०२३) रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्याला हमी योजनेचं छत्र असतं. शिवाय सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे, २०२३ मध्ये तरी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. काजू त्यात बसतो. तेव्हा जमीन गहाण टाकायचा प्रश्न नाही. पण शेड ज्या जागेत बांधणार ती वापरायचा तुमचा हक्क कागदावर दिसला पाहिजे, कारण उद्या एका हिस्सेदाराने मनाई आणली तर मशिनं उन्हात. साहेब हसले ते चुकलं, कागद मागितला ते चुकलं नाही.

यंत्रं आणि खेळतं भांडवल असे दोन भाग करून मागा. बरेच जण फक्त यंत्रांसाठी घेतात आणि मार्चमध्ये बी घ्यायला पैसे नसतात. मग मशीन पुसत बसतात.

---

सड्यावरून | २७ ऑगस्ट, सकाळी १०:००

याला जोडून. दोन वाटा आहेत.

एक, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप. त्याआधी मयतांच्या वारसनोंदी करून घ्या, नाहीतर पहिल्याच तारखेला अर्ज परत. सगळे राजी असले तरी मोजणी, फेरफार यात वेळ जातो.

दोन, वाटप राहू दे बाजूला. लागेल तेवढ्याच जागेचा नोंदणीकृत भाडेपट्टा सगळ्या हिस्सेदारांकडून घ्या. मालकी कोणाची हलत नाही. चाकरमानी_३ यांची भीती विकली जाण्याची आहे, वापरण्याची नाही. जे येऊ शकत नाहीत त्यांचं मुखत्यारपत्र. मस्कतच्या काकांना तिथल्या भारतीय दूतावासात करता येईल, कागद इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा.

आणि व्हॉट्सॲप नको. यंदा अधिक महिना आल्याने गणपती १९ सप्टेंबरला आहे. तेवीसच्या तेवीस घरं तुमच्या दारातून जाणार. आरतीनंतर चहा द्या आणि कागद मोठ्याने वाचून दाखवा. सह्या दुसऱ्या दिवशी मागा, त्याच रात्री नको.

---

चाकरमानी_३ | २७ ऑगस्ट, सकाळी ११:२०

"दुसऱ्या दिवशी मागा" याला अनुमोदन. कागद रात्री वाचायला मिळाला असता तर आमचा तुकडा गेला नसता.

---

काजूबोंड | १ ऑक्टोबर, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. पाच दिवसांचा गणपती, गौरीबरोबर २३ तारखेला विसर्जन, २४ ला गाड्या भरून सगळे परत. मधल्या दिवसांत जे झालं ते सांगते.

वारसनोंदींचे अर्ज आधीच तलाठ्यांकडे दिले होते. तिसऱ्या दिवशी आरतीनंतर माजघरात कागद वाचला. १५ वर्षांचा भाडेपट्टा, पाच गुंठे, जागा विकायची-गहाण टाकायची नाही असं कलम पहिल्या पानावर. बोरिवलीच्या काकांनी तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "भाडं नको, दरवर्षी घरटी दोन किलो काजू." भाडं नसलं की भाडेपट्टा कच्चा राहतो म्हणून रक्कम नाममात्र लिहिली, काजू तोंडी. २३ घरांचे ४६ किलो, म्हणजे जवळपास दोन क्विंटल बी! हा हिशेब मी त्यांना सांगितला नाही.

८२ वर्षांच्या मोठ्या काकीने अंगठ्याआधी एवढंच विचारलं, "माझ्या नावाचो तुकडो ह्यातून जाणा नाय मा?" कलम पुन्हा वाचून दाखवलं.

मस्कत आणि बडोदा मुखत्यारपत्र पाठवतायत. विरारचे दोघे "विचार करून सांगतो". आणि साफ नाही म्हणाला तो मुंबईचा कोणी नव्हे, शेजारच्या घरातला चुलतभाऊ. तो गावातच राहतो. त्याचं म्हणणं, बॉयलरचा धूर त्याच्या कलमांवर जाणार आणि मोहोर करपणार. आधी मला वाटलं, कारण शोधतोय. मग संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. वारा खरंच तिकडेच जातो.

शेड आता विहिरीच्या अंगाला सरकवायची की चिमणी उंच करायची ते बघतेय. आंब्याच्या मोहोराला किती लांबचा धूर बाधतो, हे पेटी_पाच_डझन यांना विचारायचं होतं.

---

पेटी_पाच_डझन | २ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

धुराचं अंतर असं सांगता येत नाही, झाडं बघावी लागतील. पण थंडीत सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि दुपारी उलटा फिरतो. मोहोर डिसेंबर-जानेवारीचा. तुम्ही आत्ता पाहिलात तो वारा तेव्हाचा नव्हे. भावाला सोबत घेऊन डिसेंबरात पुन्हा उभ्या राहा, सकाळी आणि दुपारी. तोवर पाया खणू नका.

---

मोरी_मसाला | २ ऑक्टोबर, सकाळी ७:०२

आणि त्या भावाक घरटी दोन किलोच्या वर एक किलो काजूपाकळी जास्ती लाव. धूर कमी दिसतलो.